नाव गावच्या यादीत, माणूस उसाच्या फडात

प्रौढ मतदानाचा हक्क घटनेने दिला आणि धान्याचा हक्क संसदेने २०१३ साली अन्नसुरक्षा कायद्याने दिला. तेव्हा या देशातील गरिबाला राज्यसंस्थेने द्यावयाचे ते बहुतेक देऊन झाले आहे, उरला तो केवळ अंमलबजावणीचा किरकोळ प्रश्न, असे मानण्याचा प्रघात आपल्या सुशिक्षित समाजात पडला आहे. हा समज खरा नाही. हक्क आणि माणूस यांच्यामध्ये एक यादी उभी असते. कायदा हक्क देतो, पण तो यादीत नाव असलेल्याला देतो. आणि यादी कोणत्या महिन्यात, कोणत्या कागदांवर व कोणाच्या सोयीने तयार व्हावी हे ठरविणारा कारकुनी आदेश कायद्याहून बलवान ठरतो. एखाद्याचा हक्क काढून घ्यावयाचा असेल तर आज कायदा बदलावा लागत नाही. अर्ज भरण्याची मुदत बदलली तरी पुरते.

महाराष्ट्रात हे पाहावयाचे असेल तर ऊसतोड कामगाराकडे पाहावे. बीड, धाराशिव, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांच्या कोरडवाहू पट्ट्यांतून लाखो माणसे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि सांगली-कोल्हापूर, पुणे, सोलापूर किंवा थेट कर्नाटकातील बेळगावच्या कारखान्यांच्या हद्दीत जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, टोळीत सामील व्हावयाचे, फडाजवळ कोपी घालावयाची आणि उचल फिटेपर्यंत राबावयाचे. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की परतीची वाट. वर्षातील पाच-सहा महिने हा माणूस गावात नसतो, आणि तो जेथे असतो तेथे सरकारच्या लेखी तो नसतोच.

मतदानाचे पंचांग

विधानसभेची २०१४ सालची निवडणूक १५ ऑक्टोबरला झाली, २०१९ सालची २१ ऑक्टोबरला. दोन्ही वेळा टोळ्या बहुतेक गावातच होत्या. २०२४ साली मात्र राज्य शासनाने गळीत हंगामाचा प्रारंभ १५ नोव्हेंबरला ठरविला, आणि निवडणूक आयोगाने मतदानाचा दिवस २० नोव्हेंबर ठरविला. दोन्ही निर्णय आपापल्या जागी नियमानुसारच झाले. पण ज्या माणसाच्या आयुष्यात ते दोन्ही एकदम आले, त्याच्यासमोर उचल की मत असा पेच उभा राहिला. कारखाना सुरू होण्याआधीच टोळीने फडावर पोचावयाचे असते; गाडी ठरलेल्या दिवशी गावातून निघते. न गेलेल्याचा खाडा धरला जातो आणि तो पैसा उचलीतून वजा होतो.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली एक चांगले कलम घालण्यात आले. मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुटी दिलीच पाहिजे, रोजंदारीवरील माणसालाही त्या दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे, असे ते कलम सांगते. परंतु टनावर मजुरी घेणाऱ्या, मुकादमाच्या हाताखाली राबणाऱ्या आणि कारखान्याच्या हजेरीपटावर नाव नसलेल्या माणसाला ही सुटी देणार कोण? कारखाना म्हणतो, हा आमचा कामगार नव्हे. मुकादम म्हणतो, मी मालक नव्हे. आणि सुटी मिळालीच असे धरले तरी कोल्हापूरच्या फडातून बीडच्या मतदान केंद्रावर जाऊन यावयाचे म्हणजे एका बाजूचे अंतर तीनशे किलोमीटरांहून अधिक. एका दिवसाच्या सुटीत ते कसे बसावे?

मग कामगार मतदानाला येतो तो कोणाच्या तरी गाडीने येतो. उमेदवाराने मतदारांना फुकट वाहन पुरविणे हा त्याच कायद्याच्या १२३ व्या कलमानुसार भ्रष्ट आचार आहे, आणि तो तसा असलाच पाहिजे. परंतु सरकार गाडी देत नाही, कारखाना देत नाही, पदरमोड करणे कामगाराला परवडत नाही. तेव्हा जो गाडी देतो त्याच्याच उपकारात मत अडकते. कायद्याने भ्रष्टाचार निषिद्ध ठरविला आणि धोरणाने तो अपरिहार्य करून ठेवला, अशी ही विपरीत अवस्था आहे. ज्याच्याकडून उचल घेतली त्याच्याच गाडीत बसून मत द्यावयास जाणाऱ्या माणसाचे मत गुप्त असेल, पण स्वतंत्र आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

यावर असे सांगितले जाते की, नियम म्हणजे नियम. मतदाराने आपल्या मतदान केंद्रावर यावे, केंद्र मतदाराकडे जाऊ शकत नाही. हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. सैनिकाची मतपत्रिका सीमेवर जाते, आणि ती गेलीच पाहिजे. निवडणूक कामावरील कर्मचाऱ्याला टपाली मत आहे. २०२४ पासून पंच्याऐंशी वर्षांवरील वृद्धाला व चाळीस टक्के अपंगत्व असलेल्याला घरबसल्या मत देता येते. कर्मचारी मतपत्रिका घेऊन त्याच्या दारी जातात. काश्मीर खोऱ्यातून विस्थापित झालेल्या नागरिकांसाठी जम्मू, उधमपूर व दिल्ली येथे विशेष मतदान केंद्रे उघडण्यात आली. ही सारी व्यवस्था योग्यच आहे. तिच्यातून एवढेच सिद्ध होते की, इच्छा असली की मतपेटी चालू लागते.

स्थलांतरितांसाठीही ती चालविण्याचा विचार झाला. डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना पक्षांपुढे मांडली. एका यंत्रातून बहात्तर मतदारसंघांचे मतदान घेता येईल असे सांगितले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत तीस कोटींहून अधिक मतदारांनी मत दिले नाही, असे त्या वेळी आयोगानेच नमूद केले होते. जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांनी या यंत्राविषयी शंका घेतल्या. स्थलांतरित कोणाला म्हणावे, आचारसंहिता दुसऱ्या राज्यात कशी लागू करावी, हे त्यांचे प्रश्न रास्त होते. पण त्यांची उत्तरे शोधण्याऐवजी ती कल्पनाच बासनात गुंडाळून ठेवण्यात आली. वस्तुतः ऊसतोड कामगारासाठी नव्या यंत्राची गरजच नाही. १९५१ च्या कायद्याच्या साठाव्या कलमानुसार सरकारशी विचारविनिमय करून आयोग कोणत्याही एका वर्गाला टपाली मतदानाचा अधिकार देऊ शकतो. अधिकार आहे, मार्ग आहे. केवळ हा वर्ग त्या यादीत घालावा असे कोणाला वाटलेले नाही.

अडचण पत्त्याची आहे, असेही कोणी म्हणेल. कामगार कोठे आहेत ते आम्हांस ठाऊक नाही, असे प्रशासन सांगते. पण कारखान्याला ते ठाऊक असते. कोणती टोळी कोणत्या मुकादमाची, कोणत्या गटाच्या फडात, किती कोयत्यांची, याची नोंद दप्तरी असते, कारण त्या नोंदीवर वाहतुकीचा व उचलीचा हिशेब चालतो. उचल बुडू नये म्हणून कामगाराचा पत्ता सापडतो. मत बुडू नये म्हणून मात्र सापडत नाही.

धान्याची यादी

जी गोष्ट मताची, तीच धान्याची. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या योजनेचा गाजावाजा पुष्कळ झाला. २०१९ साली तिचा आरंभ झाला, २०२२ च्या मध्यापर्यंत ती सर्व राज्यांत पोचली, आणि कोणत्याही स्वस्त धान्य दुकानातून आपला वाटा उचलण्याची मुभा तत्त्वतः सर्वांना मिळाली. ही सुधारणा खरी आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तिचे सारे गृहीतक असे की, दुकान जवळ आहे, यंत्राला जोडणी मिळते, अंगठा उमटतो आणि दुकानदाराकडे परगावच्या माणसापुरते धान्य शिल्लक असते. पहाटे फडात जाणाऱ्या आणि अंधार पडल्यावर कोपीत परतणाऱ्या जोडीला दुकानाची वेळ कशी साधावी? कोयत्याने घट्टे पडलेल्या हाताचा अंगठा यंत्राने ओळखला नाही, तर त्या दिवसाची मजुरीही गेली आणि धान्यही गेले.

मुळात यादीत नाव हवे. अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्के व नागरी भागातील ५० टक्के लोकांना धान्य देण्याचे ठरविले, पण प्रत्येक राज्याचा कोटा २०११ च्या जनगणनेवर बांधला. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे सात कोटी लोकांची मर्यादा आली. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यानंतर घरात आलेली सून, जन्मलेली मुले आणि वेगळी झालेली चूल यांना त्या बंद यादीत जागा मिळते ती कोणाचे नाव गळाले तरच. स्थलांतरित कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, ई-श्रम नोंदणी झालेल्या पण शिधापत्रिका नसलेल्या सुमारे आठ कोटी माणसांना कोट्याची सबब न सांगता शिधापत्रिका द्या. पहिला आदेश २०२३ च्या एप्रिलचा. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाला त्याची पुन्हा आठवण करून द्यावी लागली. आता लोकसंख्येची गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये घेण्याचे जाहीर झाले आहे. फेब्रुवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. त्या वेळीही गावातील दाराला कुलूप असेल.

उत्पन्नाची मर्यादा हा आणखी एक चमत्कार. अन्नसुरक्षा कायदा लागू करताना महाराष्ट्र शासनाने ग्रामीण कुटुंबासाठी वर्षाला ४४,००० रुपयांची मर्यादा ठरविली. म्हणजे साऱ्या कुटुंबाला मिळून दिवसाला सुमारे १२० रुपये. त्याच शासनाने २०२४ साली निवडणुकीच्या तोंडावर ‘माझी लाडकी बहीण’ योजना आणली, तेव्हा कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवली. गरीब कोणाला म्हणावे याचे उत्तर एकाच राज्यात, एकाच घराबाबत, मतदानाचा दिवस किती दूर आहे त्यावर ठरावे, हे विलक्षण आहे.

या योजनेचा इतिहास प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जून २०२४ च्या अखेरीस ती जाहीर झाली. प्रारंभी अधिवासाचा दाखला मागितला होता. गर्दी उसळताच काही दिवसांतच पंधरा वर्षांपूर्वीची शिधापत्रिका किंवा मतदार ओळखपत्रही चालेल असे ठरले, आणि पिवळी वा केशरी शिधापत्रिका असलेल्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. मुदती वाढल्या. सरकार लोकांच्या दारी येऊ शकते, कागद कमी होऊ शकतात, पैसा वेळेवर पोचू शकतो, हे सारे त्या चार महिन्यांत दिसून आले. निवडणूक उरकली आणि दार अरुंद होऊ लागले. जुलै २०२५ मध्ये सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थींचा लाभ स्थगित केल्याचे जाहीर करण्यात आले. त्यांत चौदा हजारांहून अधिक पुरुषही निघाले. अशांना गाळले हे योग्यच झाले. पण सप्टेंबरमध्ये सरसकट सर्व स्त्रियांवर आधारच्या ई-केवायसीची अट आली. स्वतःच्या आधारबरोबर पतीचे किंवा वडिलांचे आधारही पडताळावयाचे होते. मुदत प्रथम १८ नोव्हेंबरपर्यंत होती, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. त्या वर्षीचा गळीत हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला होता. म्हणजे दोन्ही तारखांना कोयता धरणारी स्त्री फडातच होती. अर्ज घेताना तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. मत पडल्यावर तिच्यावर संशय घेतला.

सिद्धतेचा भार

येथे आपण प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. चूक प्रत्येक यादीत असते. मृतांची नावे राहतात, दुबार नावे असतात, अपात्र माणसे घुसतात. यादी शुद्ध केली पाहिजे याबद्दल वाद नाही. बोगस मतदानाची आणि बोगस शिधापत्रिकांची झळ गरिबालाच अधिक लागते. वाद आहे तो, शुद्धीकरणाचा भार कोणी वाहावयाचा याबद्दल. चुकीने राहिलेले नाव शोधून काढणे हे राज्यसंस्थेचे काम, की आपण चुकीने आलेलो नाही हे सिद्ध करणे हे नागरिकाचे काम?

बिहारमध्ये २४ जून २०२५ रोजी मतदारयादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचा आदेश निघाला तेव्हा याचे उत्तर देण्यात आले. २००३ च्या यादीत नाव नसलेल्यांकडून अकरांपैकी एक कागद मागण्यात आला. त्या अकरांत आधार नव्हते, आयोगाने स्वतः दिलेले ओळखपत्र नव्हते, आणि सरकारने दिलेली शिधापत्रिकाही नव्हती. १ ऑगस्टला प्रारूप यादी आली तेव्हा ६५ लाख नावे गळाली होती. त्यांतील सुमारे ३६ लाख कायमचे स्थलांतरित झालेले अथवा पत्त्यावर न सापडलेले, असे आयोगाने सांगितले. न सापडलेला माणूस कोठे असतो हे बिहारमधील प्रत्येक खेड्याला ठाऊक आहे. तो पंजाबच्या शेतात, सुरतेच्या गिरणीत किंवा मुंबईच्या बांधकामावर असतो. गळालेली नावे कारणांसह प्रसिद्ध करा, हेसुद्धा सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्टला सांगावे लागले. ८ सप्टेंबरला आधार हा बारावा कागद म्हणून घ्यावा असा आदेश झाला. ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत ७ कोटी ४२ लाख नावे उरली. पुनरीक्षणापूर्वी ती ७ कोटी ८९ लाख होती. पुढे २७ ऑक्टोबरला गोव्यासह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत हीच मोहीम जाहीर झाली.

कायद्याची भाषा मात्र वेगळी आहे. घटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदाने अनिवास हे अपात्रतेचे एक कारण मानले आहे हे खरे. पण १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे विसावे कलम स्पष्ट सांगते की, तात्पुरत्या गैरहजेरीमुळे माणसाचे सामान्य निवासस्थान बदलत नाही. ऊसतोडीला गेलेला माणूस कायद्याने आपल्या गावचाच मतदार राहतो. १९९५ साली लाल बाबू हुसेन प्रकरणात, मुंबई व दिल्लीतील मतदारांना बजावलेल्या नोटिशींच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पूर्वी यादीत असलेले नाव योग्य रीतीने आले असे गृहीत धरले पाहिजे, आणि ते वगळण्यापूर्वी माणसाला बाजू मांडण्याची खरी संधी दिली पाहिजे. कुलूपबंद दारावर चिकटविलेली नोटीस ही खरी संधी नव्हे.

या देशाने एकेकाळी दुसरी वाट धरली होती. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीसाठी सुमारे साडेसतरा कोटी मतदारांची यादी करावयाची होती, आणि त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. त्यांच्याकडे जन्माचा दाखला नव्हता. सरकारचा माणूस दारी गेला आणि त्याने नाव लिहून घेतले. स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रिया त्या वेळी यादीतून वगळल्या गेल्या, हे त्या मोठ्या कार्यावरील व्यंग होते. पण पुढच्या निवडणुकीपूर्वी मोहीम काढून ही उणीव बरीच भरून काढण्यात आली. दोष नागरिकाच्या माथी मारून विषय संपविला गेला नाही.

महाराष्ट्रानेही अशी वाट दाखविली आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीला १९७७ साली कायद्याचे रूप आले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागेल त्याला काम, हे तिचे सूत्र होते. तिच्यात भ्रष्टाचार होता, मजुरी रखडत होती, आणि ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतरही तिने थांबविले नाही. पण गरिबी सिद्ध करावयास तिने कागद मागितला नाही. जो उन्हात खडी फोडावयास तयार आहे त्याची गरज त्याच्या येण्यानेच सिद्ध होते, एवढा साधा विश्वास त्या कायद्यात होता. आजच्या धोरणातून हरवला आहे तो हाच विश्वास.

मत आणि धान्य हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असे समजणे चूक होईल. ज्याचे मत मतदानाच्या दिवशी गावात पडत नाही, त्याच्या शिधापत्रिकेसाठी कोणी आमदार तहसीलदाराला दूरध्वनी करीत नाही. आणि ज्याची शिधापत्रिका गेली, त्याचा रहिवासाचा एक पुरावाही गेला. एका यादीतून घसरलेला माणूस दुसरीतूनही घसरतो.

म्हणून मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. ऊसतोड कामगारांना साठाव्या कलमाखाली टपाली मतदानाचा वर्ग म्हणून जाहीर करावे आणि कारखान्याच्या स्थळी, मुकादमाच्या नजरेआड मतदानाची सोय करावी. ऑक्टोबरअखेर ते मार्च या काळात या जिल्ह्यांत घरोघर पडताळणी करून कोणाचेही नाव वगळू नये. हंगामात कारखान्यागणिक फिरते स्वस्त धान्य दुकान असावे, आणि अंगठा न उमटल्याने धान्य नाकारल्यास अन्नसुरक्षा कायद्याच्या आठव्या कलमातील भत्ता द्यावा. कोणत्याही योजनेचा लाभ लेखी कारण व दाद मागण्याची मुदत दिल्याशिवाय थांबवू नये. आणि ती मुदत हंगाम संपल्यानंतर सुरू व्हावी.

हे होईपर्यंत कार्यकर्त्यांना करण्याजोगे पुष्कळ आहे. दसऱ्यापूर्वी ग्रामसभेत मतदारयादी व शिधापत्रिकांची यादी मोठ्याने वाचून घ्यावी. जाणाऱ्या प्रत्येक टोळीची, ती कोणत्या कारखान्यावर जाते याची नोंद गावात ठेवावी. राहिलेल्या नावासाठी सहा क्रमांकाचा अर्ज भरून पोच घ्यावी. नाव वगळण्यासाठी कोणी सात क्रमांकाचा अर्ज दिला असेल तर त्याची माहिती मागून हरकत नोंदवावी. ज्या तालुक्यांत टोळ्या उतरतात तेथील साथींनी कोप्यांवर जाऊन विचारावे: धान्य मिळते काय, कोठे अडते? पुरवठा निरीक्षकाला त्या कोप्यांपर्यंत आणावे. हे काम सभेइतके दिसणार नाही, त्याची बातमी होणार नाही. पण नागरिकत्व भाषणात टिकत नाही, ते यादीत टिकते. आणि यादी राखणारा माणूस गावात नसेल, तर ती जो राखील त्याचीच होते.